मगदूमची दोन डिग्री

दोन पत्र्याच्या ट्रंका एसटी पार्सलने पुण्याला पोचल्या, तेव्हा सन्मती मगदूमच्या प्रयोगशाळेतली सगळी माणसं हातातलं काम टाकून भोवती जमली. एका ट्रंकेत कॅसेटी होत्या. दुसरीत मोबाइलची मेमरी कार्डं, औषधाच्या रिकाम्या डब्यांत कापूस घालून ठेवलेली. प्रत्येकावर चिठ्ठी होती. गाडीचा नंबर, तारीख, आणि पुढे एकच शब्द: ‘आधी’ किंवा ‘नंतर’.

"तुझ्या वडिलांनी हे सगळं जपून कशाला ठेवलं?" निषादने विचारलं. तो आवाजांच्या विश्लेषणाचं काम बघायचा.

"एकदा एक ड्रायव्हर परत आला आणि म्हणाला, मगदूम, गाडी पहिलीच बरी होती. अण्णांकडे दाखवायला पुरावा नव्हता. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन आले." सन्मती हसली. "पुढे कोणी तक्रार केली नाही, पण त्यांना ऐकायची सवय लागली ती लागलीच."

अण्णांचं, म्हणजे भूपाल मगदूम यांचं, जयसिंगपुरात शिरोळ रस्त्याला ‘मगदूम डिझेल’ नावाचं दुकान होतं. काम एकच. ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनाला डिझेल पाजणारा पंप आणि ते डिझेल फवारणारी नोझलं नीट करून द्यायची. अडतीस वर्षं त्यांनी ते केलं आणि २०३४ साली दुकान बंद केलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. नवे ट्रक बॅटरीवर नाहीतर हायड्रोजनवर पळत होते. पण ट्रॅक्टर, जनरेटर, शेतातले पंप, मच्छीमारांच्या होड्या अशी लाखो जुनी डिझेल इंजिनं अजून चालूच होती. ती एकदम भंगारात काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं. सन्मतीचा गट त्या इंजिनांसाठी काम करत होता.

त्यांचा शोध ऐकायला साधा होता. इंजिनात दर ठोक्याला डिझेल पेटतं आणि त्याचा दाब सिलिंडरच्या भिंतीतून आवाज होऊन बाहेर येतो. डॉक्टर छातीला नळी लावून आतल्या झडपा ऐकतो, तसं साध्या मायक्रोफोनने ऐकून आतलं सगळं उलट्या गणिताने काढता येतं: डिझेल नेमकं कधी पेटलं, फवाऱ्यातले थेंब केवढे होते, किती पूर्ण जळलं, किती काजळी झाली. या प्रोग्रामला ते सगळे नुसतं ‘कान’ म्हणायचे. हा कान एका नव्या इंजेक्टरला जोडायचा, आणि जुन्या इंजिनात बसणाऱ्या त्या इंजेक्टरने दर ठोका ऐकून पुढचा फवारा ठरवायचा, असा बेत होता. पण कानाला शिकवायला खऱ्या, झिजलेल्या इंजिनांचे आवाज हवे होते. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे, एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून घेतलेले. असा साठा देशात कुठे सापडला नाही. सन्मतीच्या जयसिंगपूरच्या घरी माळ्यावर मात्र तो होता.

तीन आठवड्यांनी निषादने तिला बोलावलं. पडद्यावर दोन हजार तीनशे गाड्या ठिपके होऊन पसरल्या होत्या.

"तुझ्या वडिलांचा हात जबरदस्त आहे," तो म्हणाला. "प्रत्येक गाडीत काजळी खाली. काहींत तर दहावा हिस्सा उरली. पण हे बघ."

दुसरा आलेख त्याने शेजारी आणला. त्यात सगळे ठिपके वर चढले होते.

सन्मतीला समजावून सांगायची गरज नव्हती. फवारा थोडा लवकर सोडला, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यातल्या ठरलेल्या जागेच्या दोनेक डिग्री आधी, की डिझेलला हवेत मिसळायला वेळ मिळतो. ते कडक पेटतं, इंजिन ताकद देतं, धूर जातो. पण त्या वाढलेल्या उष्णतेत हवेतला एरवी गप्प बसणारा नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यांना हे लोक ‘नॉक्स’ म्हणत, आणि दुसरा आलेख त्याचाच होता. फवारा उशिरा सोडला तर नॉक्स घटतो, पण काजळी वाढते आणि गाडी घाटात धापा टाकते. धूर दिसतो. नॉक्स पातळ असला तर दिसत नाही. नाकाला जरा झोंबतो आणि फुप्फुसात खोलवर उतरतो.

‘मगदूमची दोन डिग्री’ हा कोल्हापूर ते कराड सगळ्या ड्रायव्हरांच्या तोंडचा शब्द होता. कंपनीने पंपावर कोरलेल्या खुणेच्या दोन डिग्री पुढे अण्णा फवाऱ्याचं टायमिंग बांधायचे. मग स्वतःचा पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरून ड्रायव्हरला दाखवायचे. रुमाल पांढराच राहायचा.

"आणखी एक," निषाद म्हणाला. "आवाज घुमतो त्यावरून खोली उघडी होती की बंद, तेही कळतं. निम्म्याहून जास्त वेळा शटर खाली होतं."

"समोर शाळा होती," सन्मती हळू म्हणाली. "वर्ग चालू असताना मुलांना त्रास नको म्हणून अण्णा शटर ओढून घ्यायचे."

निषादने ते टिपून घेतलं. "आणि इंजिनाखेरीजचे आवाज मी वेगळे काढलेत. हॉर्न, पाना पडल्याचे आवाज वगैरे. त्यात एका बाईचा आवाज आहे."

त्याने बटण दाबलं. इंजिनाच्या घरघरीमागून एक तरुण, ठणठणीत आवाज आला. "अहो, हे लावू नका. ठिबकतंय हे."

सन्मतीला हसू आलं आणि डोळेही भरले. आईचा हा आवाज ती विसरूनच गेली होती. त्रिशला मगदूम तीस-बत्तीस वर्षं त्याच दुकानात नोझल टेस्टरवर बसत होती. टेस्टरचा दांडा हाताने दाबायचा, नोझलमधून डिझेलचा फवारा सुटायचा, तो बघायचा. धुक्यासारखा बारीक आणि सरळ आला तर पास. धार लागली, थेंब ठिबकला तर नापास. अण्णांना कान होता तसा आईला डोळा होता.

"आणि हा," निषाद म्हणाला. "त्याच बाईचा खोकला. पहिला २०११ मध्ये. मग वाढत गेलाय. शेवटच्या सहा-सात वर्षांत जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आहे." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला काहीतरी उमगलं. "ओळखू येणारा माणसाचा आवाज आहे, म्हणजे संमती लागेल. नाहीतर काढून टाकतो. इंजिनाशी त्याचा तसा संबंध नाही."

"काढून टाक," सन्मती म्हणाली.

सन्मतीची आई सदुसष्ट वर्षांची होती आणि दिवसातले सोळा तास ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली असायची. तिने आयुष्यात विडी ओढली नव्हती, चूलही फार फुंकली नव्हती. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न विचारून झाल्यावर खांदे उडवले होते.

त्या शनिवारी सन्मती जयसिंगपूरला गेली. अण्णा अंगणात पिंपात पाणी गाळत होते. दुहेरी फडकं, सावकाश धार. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाला इजा नको म्हणून त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या पाणी असंच गाळलं जात होतं.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "काय म्हणतंय तुझं मशीन? शिकलं काय माझ्याकडनं?"

"शिकलं की. निषाद म्हणाला, तुमचा हात जबरदस्त आहे."

अण्णा खूश झाले. आई मधल्या खोलीत कॉटवर होती, नाकाला नळी. "आधी चहा तरी घेऊ द्या तिला," ती आतून म्हणाली. एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

चहा झाल्यावर सन्मतीने बाहेरच्या सोप्यात बसून टॅबलेट काढला. रेकॉर्डिंग वापरायच्या संमतीच्या कागदावर सही घ्यायची, दोन आवाज ऐकवायचे आणि विषय संपवायचा, असं तिने ठरवलं होतं. तिने एका उसाच्या ट्रकचं ‘नंतर’ लावलं. अण्णा डोळे मिटून ऐकायला लागले. बोटं मांडीवर ठेका धरत होती.

मग बोटं थांबली.

"परत लाव."

तिने परत लावलं.

"हितं ती खोकली होती," अण्णा म्हणाले. "रेस वाढवली की लगेच. दोनदा. हे कुठं गेलं?"

सन्मतीने टॅबलेट थांबवला. "ते आम्ही साफ केलं, अण्णा. नको असलेले आवाज काढतात."

"हॉर्न हाय की अजून. शाळेची घंटा हाय." त्यांनी डोळे उघडले. "तेवढंच का काढलं?"

अण्णांशी ती आयुष्यात धड खोटं बोलू शकली नव्हती. तिने दोन्ही आलेख काढून त्यांच्या पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. खाली गेलेले ठिपके, वर गेलेले ठिपके, दोन डिग्री, शटर. अण्णा आलेखावर बोट फिरवत ऐकत होते. आकडे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

"ह्याच्यामुळंच झालं तिला?"

"असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही. धूळ असेल, काजळी असेल. तिचा पिंडच तसा असेल."

"पण बरोबरीनं हेबी असंल."

सन्मतीने मान खाली घातली. "असेल."

"मी रुमाल दाखवत होतो लोकास्नी," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पांढरा राहिला म्हणून." ते उठले, अंगणात गेले आणि पिंपाशेजारच्या दगडावर पाठ करून बसले.

उन्हं कलली. जेवायची वेळ झाली. या घरात दिवस बुडायच्या आत जेवून घ्यायचा नेम कधी चुकला नव्हता. सन्मतीने ताटं घेतली आणि दोनदा हाक मारली. अण्णा हलले नाहीत.

तेव्हा आई कॉटवरून उठली. भिंतीला हात लावत, नळी मागे ओढत मधल्या खोलीतून सोप्यात आली आणि तिथून उंबऱ्यापर्यंत. तिथे नळी ताणली गेली.

"इकडं या," ती म्हणाली. "माझी नळी तिथवर पुरत न्हाई."

अण्णांनी मागे वळून पाहिलं आणि घाईने उठून आले. "कशाला उठलीस गं!"

"मला ऐकू आलंय सगळं. फुप्फुसं गेलीत, कान न्हाई गेले." तिने चौकटीला टेकून श्वास घेतला. "मी पास केल्याबिगर एक तरी नोझल तुम्ही लावलं काय?"

"न्हाई."

"पण ते पास कसं व्हायचं? मी नापास केलेली घेऊन परत यायचा तुम्ही. त्रिशला, ड्रायव्हरची गुळाची गाडी अडकलीय, नवं नोझल चार दिवसांनी मिळंल, जरा बघ की. मग मी तोंड फिरवून हो म्हणायचे. ठिबकणारं नोझल, मोठा थेंब, धूर येणारच. तो धूर झाकायला तुम्ही टायमिंग पुढं घ्यायचा. मला काय कळत नव्हतं?" ती थांबली. सन्मतीने पुढे होऊन तिला धरलं. "तवा सगळं एकट्यानं डोक्यावर घेऊन बसू नका. निम्मं माझं हाय."

"तुझं कसलं?" अण्णांचा आवाज फुटला. "तुझा तर जीव चाललाय."

"आणि घरात बसले असते तर मी काय मोठी सुखी झाले असते? त्या टेस्टरवर बसून मला जे कळत होतं ते गावात कुणाला कळत नव्हतं. मला तिथनं उठवलं असतं तरी मी उठले नसते." तिने त्यांच्या बाहीला हात लावला. "दिवस बुडायला आलाय. चला, जेवून घ्या. तुम्ही जेवल्याबिगर मला घास जातोय व्हय?"

अण्णा जेवले. भाकरीचे चार घास, पण जेवले. आईने त्यांच्या ताटाकडे बघत आपलं संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संमतीचा कागद मागून घेतला, चष्मा लावून पुरता वाचला आणि आईपुढे धरला. दोघांनी सह्या केल्या.

"खोकला काढायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "तो आवाजबी त्या इंजिनातनंच आलाय. तुमच्या कानाला शिकवायचं तर सगळं शिकवा."

सन्मती पुण्याला परतली आणि तिने निषादला पुसलेलं पुन्हा जोडायला लावलं. त्यातूनच पुढची कल्पना निघाली. आवाज कसा घुमतो त्यावरून कानाला बंद खोली ओळखता येत होती, मग इंजेक्टरने त्याप्रमाणे वागायला काय हरकत होती? भोवती भिंती आहेत असं ऐकू आलं की ताकद थोडी सोडायची, पण आतल्या माणसाला जपायचं. एका ठोक्याचं डिझेल एकदम न सोडता तीन फवाऱ्यांत वाटायचं. आधी चिमूटभर, म्हणजे आग एकदम भडकत नाही. मग मोठा फवारा, थोडा उशिरा, म्हणजे नॉक्स कमी. शेवटी आणखी जरासं, उरलेली काजळी जाळायला. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

चाचणीच्या वेळी अण्णा पुण्याला आले. पहिला नमुना ऐकून त्यांनी नाक मुरडलं.

"असा मऊ आवाज आला तर ड्रायव्हरला वाटणार, गाडीत दम न्हाई. मिस्त्री तुमच्या इंजेक्टरची डबीच काढून फेकणार. मी असतो तर मीबी फेकली असती."

"मग काय करायचं?" निषादने विचारलं.

"पहिल्या चिमटीत आणि मोठ्या फवाऱ्यात अंतर जरा कमी करा. ठेका लागला पाहिजे. माणूस आवाजावर भरवसा ठेवतो, कागदावर न्हाई."

चार दिवस ते निषादशेजारी बसले. अंतर कमी केल्याने नॉक्स नावालाच वाढला, आणि आवाज असा आला की वर्कशॉपमधला म्हातारा फिटर हातातला चहा ठेवून बघायला आला.

परत निघताना अण्णांनी विचारलं, "बाजारात कवा येणार ही डबी?"

"मंजुऱ्या, चाचण्या धरून दोन वर्षं," सन्मती म्हणाली.

"दोन वर्षं. आणि तवर?"

 उत्तर अण्णांकडेच होतं. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले एकोणीस मिस्त्री हायवेवर ठिकठिकाणी दुकान टाकून बसले होते, आणि एकोणीसही जण अजून दोन डिग्री पुढेच बांधत होते. अण्णांनी गाडी ठरवली. आईने छोटं ऑक्सिजन मशीन मांडीवर घेतलं आणि तीही बसली. "मी आल्याबिगर नोझलाचं कोण सांगणार?" असं तिचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी तीन तासांची परवानगी दिली होती. म्हणून दर रविवारी एक दुकान.

पेठनाक्याच्या दुकानात जाताना सन्मती बरोबर होती. मिस्त्री इस्माईल शिकलगार आता पन्नाशीचा, दाढी पिकलेला. अण्णांना बघताच तो तेलाचे हात पुसत धावला. शटर अर्धं खाली होतं, आत एक ट्रॅक्टर धडधडत होता. कोपऱ्यात टेस्टरवर एक तरुण मुलगी बसली होती.

"माझी थोरली, रुबिना," इस्माईल अभिमानाने म्हणाला. "नजर लई तेज हाय तिची."

अण्णांनी ट्रॅक्टर बंद करायला सांगितला. मग त्यांनी शिष्यापुढे हात जोडले.

"इस्माईल, मी तुला चुकीचं शिकवलं. टायमिंग खुणेवर परत आण."

"अण्णा, हात काय जोडताय! खाली घ्या ते." इस्माईलने त्यांचे हात धरले. "खुणेवर आणलं तर धूर निघंल. गिऱ्हाईक थांबंल काय?"

"धूर निघाला तर नोझल बदल. झिजलेलं नोझल टायमिंगनं झाकायचं न्हाई. ही माझी चूक." त्यांनी मागे उभ्या असलेल्या त्रिशलेकडे पाहिलं. तिच्या नाकातली नळी, मांडीऐवजी आता सन्मतीच्या हातात असलेलं मशीन. "ही बघ. वहिनीला बघ तुझ्या."

इस्माईलने पाहिलं. त्याने पाच वर्षं तिच्या हातचा चहा घेतला होता.  तो वळला आणि त्याने शटर वरपर्यंत सर्रकन उचललं. ऊन आत आलं. हवेतली तेलाची धूळ स्पष्ट दिसायला लागली.

त्रिशला सावकाश रुबिनापाशी गेली. "दाब बघू दांडा." मुलीने दाबला. फवारा सुटला. दोघी त्याच्याकडे वाकून बघत राहिल्या.

"डावीकडं धार लागलीय," रुबिना म्हणाली.

"लागलीय. मग काय म्हणायचं?"

"नापास."

"आणि अब्बा म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबलंय?"

रुबिनाने बापाकडे पाहिलं. मग त्रिशलेकडे. "तरीबी नापास."

त्रिशलेने तिच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तिने दुकानाबाहेर नजर टाकली. रस्त्याच्या कडेला करंजाचं झाड होतं, खाली सावली होती, वारा होता.

"ही पोरगी आतमधी बसायची न्हाई," ती म्हणाली. "टेस्टर बाहेर न्या."

"वहिनी, बाक जमिनीत ठोकलाय," इस्माईल म्हणाला.

"मग उखड."

इस्माईलने पाना आणला. चारी बोल्ट गंजलेले होते, शेवटच्याला हातोडा लागला. मग एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला बहात्तर वर्षांचे भूपाल मगदूम, असे दोघे तो लोखंडी बाक उचलून दारातून निघाले. सन्मती मदतीला धावली तर अण्णांनी मानेनेच नको म्हटलं.

"इथं ठेवू?" सावली सुरू झाली तिथे इस्माईलने विचारलं.

"अजून पुढं," त्रिशला म्हणाली. तिला दम लागला होता, पण ती हसत होती. "अहो, कंबर सांभाळा. अजून जरा पुढं."